उलांडीचा बंपर

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी शहाणपण शिकवायला नको. दोर बंपरला बांधायला मीच सांगितलं होतं. नंतर कित्येक वर्षं मी घरीदारी सांगत फिरलो की तो दादानं बांधला. बांधला त्यानंच, पण सांगितलं मी. आणि सांगताना छाती अशी फुगवली होती की आज आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

देवगडच्या किनाऱ्यावर मे सरता सरता होड्या वर घेतात. पाऊस लागला की दर्या बंद. मग नारळी पुनवेपर्यंत होडी माडाच्या झावळांखाली झोपून राहणार. एक होडी वर ओढायची म्हणजे अर्धी वाडी लागते. खाली ओंडके टाकायचे, त्यांना मोरी माशाचं तेल चोपडायचं आणि सगळ्यांनी मिळून 'हैस्सा' म्हणत दोर खेचायचा. त्या वर्षी वाडीतले तरणे गडी मुंबईच्या गिरण्यांत गेलेले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घामाघूम होऊन दोर ओढत होता. त्याच्याबरोबर चार म्हातारे. होडी जागची हलायला तयार नाही.

मी वर रस्त्यावर गाडी उभी करून गंमत बघत होतो. गाडी म्हणजे माझी टॅक्सी. लढाईच्या आधीची अमेरिकन, काळी, पाठ फुगलेली. आधी बेळगावच्या एका वकिलानं वापरली, मग सावंतवाडीच्या एका डॉक्टरानं आणि दोघांना नकोशी झाल्यावर मी घेतली. देवगड, जामसंडे, शिरगाव, नांदगाव अशी पॅसेंजर घेऊन मी पळवायचो. वाडीत मोटारवाला मी एकटाच. आता सांगा, माणसाला माज येणार नाही तर काय होणार?

"कित्याक मरतास रे?" मी वरून ओरडलो. "हाड तो दोर हंय. माजी मोटार वडता तुमची होडी!"

दादानं वर बघितलं. तो कमी बोलणारा माणूस. "मोटारीक झेपात?" एवढंच त्यानं विचारलं.

"ह्या इंजिनात किती घोडे आसत म्हायत आसा?" मी म्हटलं. घोडे किती ते मलाही माहीत नव्हतं. गाडी वाळूपर्यंत मागे आणली आणि मागच्या बंपरकडे बोट दाखवलं. दादानं होडीला मारतात तशी पक्की गाठ मारली. मी गिअर टाकला, पाय दाबला. चाकं फिरली, वाळू उडाली, म्हाताऱ्यांनी 'हैस्सा' केलं आणि कड्डकन असा आवाज आला की मला वाटलं गाडीची पाठच मोडली. गाडी एकदम पुढे उडाली. मागे वळून बघतो तर बंपर वाळूत, त्याला दोर, दोराला होडी. होडी मात्र जागच्या जागी.

हसू नका. त्या वेळी मलाही कोणी हसलेलं चाललं नसतं. एक म्हातारा हसला आणि मी त्याच्या बापजाद्यांचा उद्धार केला.

बंपर म्हणजे नुसती शोभा असती तर मी तो खाडीत फेकून दिला असता. पण त्या गाडीला मागची नंबरपाटी बंपरलाच, आणि पाटीवर उजेड टाकणारा लाल दिवाही बंपरलाच. ती क्रोमची जाड पट्टी मधोमध पिळवटली होती. एक टोक सुरीसारखं फाटलेलं. पाटी दुमडलेली, दिव्याची काच फुटलेली. आणि बरोबर दहा दिवसांनी पासिंग.

पासिंगचं सांगायला हवं. टॅक्सी दर वर्षी साहेबाला दाखवायची आणि चालवायला योग्य आहे असा त्याचा शिक्का घ्यायचा. साहेब घाटावरून यायचा आणि कणकवलीच्या बंगल्यावर एक दिवस बसायचा. पावसाआधीचा तो शेवटचा दिवस. तो चुकला किंवा साहेबानं गाडी नापास केली, तर पुढचा साहेब दिवाळीला. तोवर गाडी दारात उभी, आणि माझ्या रस्त्याचा परवाना मिळावा म्हणून दुसरा एक जण टपून बसलेलाच होता.

"गाडी बसली तर काय बिघाडता?" किनाऱ्यावरचा तोच म्हातारा म्हणाला. "भावाच्या होडयेर एक माणूस कमी आसाच. पुनवेक जा दर्यात. तू काय बामणाचो झील?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा काहीच बोलला नाही. दोर गुंडाळत राहिला. त्याच्या होडीवरचा एक गडी खरोखरच मुंबईला गेला होता. गप्प आहे म्हणजे याच्याही मनात तेच आहे, असं मी धरलं. मी बंपर उचलला आणि तिथून पळ काढला.

कारण मी दर्याला भीत होतो. हे वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. कोळ्याचा पोर, आणि पाण्याला भितो! मी सतरा वर्षांचा असताना आमची होडी किल्ल्याच्या बाजूला लाटेत उलटी झाली. होडीवर तिघं होतो, बाबा, दादा आणि मी. मी आणि दादा पालथ्या होडीला धरून राहिलो. बाबा दिसले, मग दिसले नाहीत. आईला आम्ही दोघंच उरलो; ती दादापाशीच राहायची. त्यानंतर मी पाण्यात पाय घातला नाही. लोकांना सांगितलं, मला मोटारीचा नाद आहे. सर्व्हिस मोटारीवर क्लीनर झालो, ड्रायव्हर झालो, गाडी घेतली. बारा वर्षं मोटारीचा नाद, मोटारीचा नाद म्हणून मिरवत होतो. खरं तर गाडीचा टप बडवताना सुद्धा मला हेच वाटायचं की ही आहे म्हणून मी जमिनीवर आहे. माझ्या बायकोला संशय होता, पण तिनं कधी तोंडावर विचारलं नाही. बाकी कोणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती.

म्हणून ते दहा दिवस मी वेड्यासारखा फिरलो.

आधी कोल्हापूरला जुन्या मोटारी मोडून विकणाऱ्या एका माणसाला ट्रक ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. असा बंपर माझ्याकडे नाही, मिळाला तर मुंबईत मिळेल, आणि किंमत अमुक. ती किंमत वाचून मी चिठ्ठी चुलीत घातली. तेवढ्यात त्या डॉक्टरानं मला अर्धी गाडी दिली असती. शिवाय मुंबईहून बोटीनं माल यायचा तर साहेब परत घाट चढून गेलेला असायचा.

मग मोडका बंपर खांद्यावर टाकून जामसंड्याच्या लोहाराकडे गेलो. कोयत्या-विळ्यांत त्या लोहाराचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्यानं बंपर उलटसुलट करून बघितला, टिचकी मारली आणि म्हणाला, "ह्या लोखंड आमच्यातला नाय."

"लोखंड ता लोखंड! तापव आणि ठोक!"

"तडकात."

"तडकूदे! तू ठोक रे!"

आता यात त्याची काय चूक? त्यानं तापवला, ऐरणीवर धरला, चार घाव बरे बसले. मला वाटलं, सुटलो. पाचव्या घावाला पट्टी मधोमध तडकली आणि दोन तुकडे झाले. लोहार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो बिचारा गप्प ऐकून घेत होता, आणि मग त्याच्या बायकोनं आतून मला पाणी आणून दिलं. मी ते पाणी प्यालो आणि तिथेच भात्याशेजारी मांडी घालून बसलो.

पासिंगला तीन दिवस उरले. घरी बायको म्हणाली, "तुमी जेवा तरी." मी ताट सरकवलं. ती म्हणाली, "दादांक विचारलास?"

"तेका कित्याक विचारू? तो बसलो आसा वाट बगीत. माजी गाडी बसली की तेका फुकटचो गडी मिळतलो!"

"शिरा पडो तुमच्या तोंडार," ती म्हणाली. "सख्खो भाऊस तो." आणि ताट उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच आला. दाराशी उभा राहून त्यानं विचारलं, "बंपर केदो लांब?" मी म्हटलं, "तुका काय करूचा हा?" तो गाडीमागे गेला, हाताच्या वितीनं दोन्ही लोखंडी पकडींमधलं अंतर मोजलं आणि निघून गेला. दुपारी मी त्याच्या खोपीवर गेलो. भांडायलाच गेलो होतो.

खोपीत होडी पालथी पडलेली; शेवटी बायकापोरांनाही दोराला लावून ती वर घेतली होती. बाजूला उलांडी सोडून ठेवलेली. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला बांधतात तो लाकडी ओंडका. तो होडीला दोन वाकड्या दांड्यांनी जोडलेला असतो. जंगलात तसं वळण असलेलंच लाकूड शोधून आणावं लागतं. कापून वळण देता येत नाही, ताकदच जाते. दादाच्या दोन दांड्यांपैकी एक त्याच्या मांडीवर होती आणि तो करवत चालवत होता.

मी बघतच राहिलो. "अरे, ही गेल्या वर्सा घातलेली दांडी ना?"

"व्हय."

"मगे पुनवेक काय करतलस?"

"बगतलंय," तो म्हणाला. "वळाण बरोबर बसता. हात लाव हंय, धर."

मी धरलं. पण माझं मन किती नासकं होतं ते सांगतो. मी त्या वेळी विचार केला, लाकडाचा बंपर साहेब कधी पास करेल का? हा मला मुद्दाम नापास करायला निघालाय. भावानं भावासाठी स्वतःच्या उलांडीची दांडी कापली आणि मी तिथे उभा राहून हिशेब करत होतो की यात त्याचा डाव काय. पण दुसरा उपायही नव्हता. बुडणारा माणूस काडीला धरतो म्हणतात, मला तर चांगली जाड दांडी मिळाली होती.

काम मात्र त्यानं देखणं केलं. वाकसानं तासून दांडी पुढून चपटी केली, कडा गोल केल्या. मी खिळे आणि बोल्ट आणले तर म्हणाला, बोल्ट दोनच घाल, बाकी काथ्यानं बांधायचं. गाडी दगडधोंड्यांतून आदळत जाते, बोल्ट एकटा असला तर लाकूड फाडतो, काथ्या धक्का घेतो. उलांडी पण काथ्यानंच बांधतात. गाडीच्या पकडींना त्यानं भिजवलेला काथ्या असा करकचून आवळला की मी लाथ मारून बघितली तर बंपर हलेना, अख्खी गाडी हलली. पाटी ठोकून सरळ केली, दिव्याला लाल काच लोहारानंच कुठूनशी शोधून दिली. पैसे घेतले नाहीत. मी शिव्या दिलेल्या त्याला, आणि पैसे त्यानं घेतले नाहीत.

राहिला रंग. जामसंड्याच्या दुकानातून चांदीसारख्या रंगाचा एक डबा आणला. पासिंगच्या आदल्या दिवशी सकाळीच गाडीपाशी गेलो तर लाकूड काळपट, चकचकीत दिसत होतं. मला वाटलं, दादानं घासून गुळगुळीत केलंय. मी दोन हात रंग मारला. सावलीत वाळत ठेवला. संध्याकाळी लांबून बघितलं तर, काय सांगू, क्रोमच! बायको म्हणाली, "नवो दिसता." त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

सकाळी निघायच्या वेळी दादा मागच्या सीटवर येऊन बसला. "तू कित्याक?" मी विचारलं. म्हणाला, वाटेत काथ्या ढिला झाला तर आवळायला माणूस हवा. मला ते आवडलं नाही. पण नको म्हणायलाही तोंड नव्हतं.

शिरगावच्या पुढे ऊन चढलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे टपावर भाकरी भाजावी. गाडीत एक वास यायला लागला. मी म्हटलं, मासळीची पाटी कोणी विसरलं की काय? दादा म्हणाला, "खंयचो वास?" त्याच्या नाकाला तो वास कळतच नव्हता, जन्मभर त्यातच राहिलेला माणूस. मी मात्र बारा वर्षं पेट्रोलच्या वासात होतो.

कणकवलीच्या बंगल्यासमोर सात-आठ गाड्या रांगेत उभ्या होत्या. ट्रक, टॅक्स्या, एक सर्व्हिस मोटार. सगळे ड्रायव्हर माझ्या ओळखीचे. बंगल्याच्या खानसाम्याची दोन मांजरं होती. मी गाडी थांबवून खाली उतरलो तोवर दोन्ही मांजरं बंपरखाली येऊन शेपट्या ताठ करून उभी. ड्रायव्हर लोक खिदळायला लागले.

साहेब उंच, सडपातळ, पांढरी पँट. पुढचे दिवे बघितले, ब्रेक बघितला, हॉर्न वाजवला. सगळं ठीक. मग मागे आला.

"हे काय आहे?"

"बंपर, साहेब."

"कशाचा?"

"लाकडाचा, साहेब. पण मजबूत आहे. एकदम मजबूत."

साहेब वाकला आणि त्यानं बंपरवर हात टेकला. हात उचलला तर पाचही बोटं चांदीची. रंग उन्हात सुरकुतला होता, दुधावरची साय सरकावी तसा सरकत होता, आणि खालून पिवळं तेल पाझरत होतं. साहेबानं बोटं नाकाशी नेली आणि मान मागे घेतली. मागे सगळे ड्रायव्हर हसत होते.

मी दादाकडे वळलो. "तू तेल लावलंस?"

"लाकडाक तेल नको लावक?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं मी काय विचारतोय ते. "पावसात भायर रवतला. मोरीचा तेल लावलंय. तीन हात."

आमच्याकडे उघड्यावर राहणारं कुठलंही लाकूड तेल पाजल्याशिवाय कोणी हातावेगळं करत नाही. होडी, वल्हं, खुंटा, काहीही असो. त्यानं मी झोपेत असताना पहाटे येऊन तेल पाजलं होतं, आणि मी गाढवानं त्यावर रंग मारला. तेलावर रंग धरत नाही हे मलाही जन्मापासून माहीत होतं. कोळ्याच्या पोराला हे माहीत नसेल तर कोणाला?

"नाही," साहेब रुमालाला बोटं पुसत म्हणाला. "हे मी पास करू शकत नाही. दिवाळीनंतरच्या कॅम्पला या. नीट बंपर लावून आणा."

आणि मग माझं डोकं फिरलं. मी साहेबावर नाही, दादावर धावून गेलो. त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. सगळ्यांदेखत, थोरल्या भावाची. "तू मुद्दाम केलंस! तुका गडी व्हयो होतो! माका होडयेर घालूचा होता म्हणान केलंस ह्या सगळा!" मी ओरडत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग कॉलर सोडली आणि साहेबाचे पाय धरायला गेलो. साहेब मागे सरकला. "अहो, उठा, उठा. हे काय चाललंय?"

दादा पुढे आला. त्यानं आयुष्यात कधी ऑफिसातलं मराठी बोललेलं नव्हतं. साहेबापुढे हात जोडून तो आपल्याच बोलीत बोलायला लागला.

"सायबानु, रंगाची चूक माजी आसा. ह्येची नाय. ह्येची गाडी बसली तर ह्येका दर्यात जावचा पडतला. आणि ह्येका दर्याचा भय वाटता. आमचो बापूस थंय गेलो. ह्यो तेच्यानंतर बारा वर्सा पाण्यात गेलो नाय. तुमी लाकडार उभे रवा, नाचा, काय व्हया ता करा. मोडला तर गाडी नापास करा. रंगासाठी करू नकात."

हसणारे ड्रायव्हर जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. बारा वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते या माणसानं आठ गाडीवाल्यांसमोर, मांजरांसमोर, एका परक्या साहेबासमोर ओतून टाकलं होतं.

साहेब माझ्याकडे वळला. त्याचा आवाज मघापेक्षा हळू होता. "हे खरं आहे का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. हसण्यावारी नेऊ शकलो असतो. पण मग गाडी गेली असती. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "होय साहेब. मी भितो."

साहेबानं मला दादाशेजारी बाजूला उभं केलं, दोन ट्रकवाल्यांना बोलावलं आणि बंपरवर चढायला सांगितलं. आडदांड गडी दोघं. चढले. "उड्या मारा," साहेब म्हणाला. त्यांनी उड्या मारल्या. गाडीच्या मागच्या स्प्रिंगा खालीवर झाल्या, काथ्या करकरला, दांडी तसूभर हलली नाही. साहेबानं वाकून काथ्याची बांधणी बघितली. बोटानं गाठ दाबून बघितली. मग कागद घेतला आणि त्यावर लिहिलं.

"हा रंग खरवडून टाका," तो म्हणाला. "लाकूड आहे तसंच ठेवा. पाटी स्वच्छ दिसली पाहिजे. आणि दिवाळीनंतर लोखंडाचा लावा." शिक्का मारला. मी हात जोडले. पास झाल्याचा आनंद म्हणाल तर कुठेच नव्हता. मला तिथून पळायचं होतं.

नांदगावपर्यंत मी गाडी नुसती दामटत आणली. दादा आता पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसला होता. शेवटी मला राहवेना.

"तुका कोणी सांगला माका भय वाटता म्हणान?"

"कोण सांगतलो? माका म्हायत आसा."

"केवापासून?"

"पयल्या दिसापासून. तू मोटारीर गेलस तेव्हापासून."

"मगे बारा वर्सा बोललंस कित्याक नाय?" मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "आणि आज बोललंस! सगळ्या मुलखासमोर!"

तो खिडकीबाहेर बघत होता. तसाच म्हणाला, "मीय भितंय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"मीय भितंय. रोज. होडी ढकलताना पोटात कालवता. बापूस गेलो तेच्यानंतर एक दिवस तसो गेलो नाय." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, मासळी किती मिळाली ते सांगावं तसा. "पण आयेक खावक कोण घालतलो? दोगांतल्या एकान जावकच व्हया होता. आणि एकान जमनीर रवाक व्हया होता. दोगेय एका होडयेत नको. तू मोटारीर गेलस, माका बरा वाटला. तुका सांगूचा पडला नाय."

मी गिअर बदलला.

"तुजी गाडी बसली असती," तो म्हणाला, "तर तुका माज्याच होडयेर घेवचा लागला असता. वाडी गप बसली नसती. मगे परत दोगेय एका होडयेत. आयेक मी काय सांगला असता? दांडी काय, दुसरी मिळतली."

रस्ता मला दिसेनासा झाला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगला कपाळ टेकलं. बारा वर्षं हा माणूस रोज पहाटे भीत भीत दर्यात जात होता, आणि मी रस्त्यावर उभा राहून वरून त्याला घोड्यांच्या गोष्टी सांगत होतो.

"काय झाला?" दादानं विचारलं. "पेट्रोल सोपला?"

"व्हय," मी म्हटलं. रडवेलं तोंड दिसू नये म्हणून मान वर केली नाही.

तो उतरला. दार लावल्याचा आवाज आला. तो मागे गेला, बंपरला दोन्ही हात लावून त्यानं जोर केला आणि गाडी हळूहळू पुढे सरकायला लागली. टाकीत पेट्रोल होतं. मी चावीला हात लावला नाही. चढ लागेपर्यंत त्याला ढकलू दिलं.